पटलाची मान कापणारे प्रथिनांचे तंतू: आवळल्याने तुटते की सोडल्याने?

अनघा_का

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या वर्गासाठी मेम्ब्रेन फिशनवर (पटलाचा तुकडा तुटून वेगळा होण्यावर) टिपणं तयार करते आहे आणि गाडी एकाच जागी अडते आहे. पुस्तकांतलं चित्र साधारण असं असतं: पेशीच्या पटलातून फुगा आत ओढला जातो, त्याच्या मानेभोवती डायनॅमिन या प्रथिनाचे वेढे पडतात, जीटीपी हे पेशीचं इंधन खर्च होतं आणि मान तुटते. जणू पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं.

पण पोत्याचं तोंड कितीही करकचून आवळा, पोतं काही तुटून वेगळं होत नाही. मग आवळण्यातून तुटणं कुठून येतं? आणि एस्कर्ट-३ हे पटल तोडणारं दुसरं प्रथिन-कुटुंब तर पोत्याच्या आत बसून काम करतं. आतून सुतळी आवळणार कशी?

माझं मत आधीच सांगते. तंतू जुळणं हे अर्धंच काम आहे. कात्री खरी चालते ती तंतू सुटताना किंवा बदलताना. विरोधी मतं, आकडे, प्रयोगातल्या खाचाखोचा, सगळं येऊ द्या.

सूक्ष्मदर्शी

आधी आकडे समोर ठेवू, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

पटलाची जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर. डायनॅमिनने वेढलेली नळी, जीटीपी नसताना: बाहेरचा व्यास ५० नॅनोमीटर, आतली पोकळी २०. जीएमपीपीसीपी, म्हणजे जीटीपीची न तुटणारी नक्कल, दिल्यावर बाहेरून ४० आणि पोकळी ७. के४४ए हे उत्परिवर्तित डायनॅमिन जीटीपी धरतं पण फोडू शकत नाही. त्याच्यासोबत पोकळी ३.७ नॅनोमीटरपर्यंत येते.

पोकळी साधारण पटलाच्याच जाडीइतकी झाली की पटलाच्या आतल्या थरातली लिपिडं (पटल ज्यांचं बनतं ते स्निग्ध रेणू) समोरासमोर येऊन एकमेकांत मिसळू शकतात. याला हेमिफिशन म्हणतात: आतला थर जोडला गेला, बाहेरचा अजून अखंड. पोतं विणलेलं असतं, म्हणून तुटत नाही. पटल द्रव आहे. त्याला फाडावं लागत नाही, पुरेसं जवळ आणलं की ते स्वतःच नवी मांडणी करून घेतं. पोत्याची उपमा अडते ती इथे.

भोवरा_आणि_जाळी

पोत्यापेक्षा भोवरा बघा. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तसं डायनॅमिन मानेवर चढतं, पण गुंडाळून झाल्यावर जाळी स्वतःच पीळ घेते. २००६ मध्ये ऑरेलियन रू आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं: डायनॅमिनने झाकलेल्या नळ्यांवर मणी चिकटवले, जीटीपी दिला आणि मणी गोल फिरायला लागले. म्हणजे वेढे फक्त घट्ट होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट वर्गात नक्की सांगा. नळी दोन्ही टोकांना धरून ठेवलेली असेल तेव्हाच ती तुटत होती. टोकं मोकळी असली की पीळ नुसता निघून जातो. पेशीत हा ताण बहुधा ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचे तंतू) आणि पटलाचा स्वतःचा ताण पुरवतात.

वाचक_२७

वाखू (वाचनखूण) साठवली. पुढे लिहा.

रचनाकार

धाग्याच्या शीर्षकात "तंतू" आहे, तर तो बनतो कसा तेही नीट पाहू.

डायनॅमिन-१ म्हणजे ८६४ अमिनो आम्लं, वजन साधारण १०० किलोडाल्टन. पाच भाग: जीटीपी फोडणारा जी भाग, त्याला जोडलेला बीएसई हा तीन हेलिक्सचा (मळसूत्री वळणांचा) दांडा, मग लांब देठ, पटलाला धरणारा पीएच भाग (आम्लता मोजण्याच्या पीएचशी याचा संबंध नाही) आणि शेवटी प्रोलिनने भरलेलं शेपूट. २०११ साली दोन स्वतंत्र गटांनी शेपूट वगळून याची स्फटिकरचना काढली आणि जुळणीचं कोडं बरंच सुटलं.

तंतूचा कणा म्हणजे देठ. दोन देठ मधोमध एकमेकांना छेदून फुलीसारखे बसतात. या मधल्या जोडाला इंटरफेस २ म्हणतात आणि त्यातून जोडी बनते. मग फुलीच्या टोकांवरचे इंटरफेस १ आणि ३ शेजारच्या जोडीला पकडतात. असं जोडी-जोडीने पुढे गेलं की सर्पिल तयार होतं. आवळलेल्या अवस्थेत एका वेढ्यात सुमारे १३ जोड्या, म्हणजे २६ रेणू. पीएच भाग आत पटलाकडे, जी भाग बाहेरच्या अंगाला.

आता मुद्दा. एकाच वेढ्यातले शेजारी जी भाग एकमेकांना भेटत नाहीत. ते भेटतात पलीकडच्या वेढ्यातल्या जी भागाला. त्यामुळे सर्पिल एक वेढा पूर्ण करून स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय जीटीपी फोडण्याचा वेग वाढतच नाही. वेढा पूर्ण झाला की तो वेग शंभरपटीच्या घरात चढतो. फुकट ऊर्जा जळू नये म्हणून केलेली ही सोय रचनेतच आहे. मला या प्रथिनाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच जागी.

आणि दांडा: जीटीपी धरलेल्या अवस्थेतून फोडण्याच्या अवस्थेत जाताना बीएसई जी भागाच्या तुलनेत सुमारे ७० अंशांत झुकतो. पलीकडच्या वेढ्याला पकडलंय आणि दांडा झुकतोय, म्हणजे वेढा वेढ्यावर ओढला जाणारच. पकड सुटते, नवा जीटीपी येतो, पुढच्या जी भागाला पकडलं जातं. भोवरा यांनी सांगितलेला पीळ इथून येतो.

मृण्मयी_प

रचनाकार, सुंदर लिहिलंत. एक भर. द्रावणात तरंगत असताना डायनॅमिन चार रेणूंच्या चौकडीत असतं आणि पीएच भाग देठाच्या इंटरफेस ३ वर दुमडून बसलेला असतो. जुळणीची जागाच झाकलेली. पटल भेटलं की पीएच तिकडे वळतो आणि जागा उघडी पडते. २०१५ मध्ये चौकडीची रचना आली त्यात हे स्पष्ट दिसलं.

यामुळे एक आजार समजतो. डायनॅमिन-२ या भावंड प्रथिनातल्या काही बदलांनी सेंट्रोन्यूक्लिअर मायोपॅथी होते, स्नायू कमकुवत होतात. एस६१९एल हा बदल नेमका पीएच आणि देठ यांच्या सांध्यावर आहे, आर४६५डब्ल्यू देठात. दोन्हींत कुलूप ढिलं होतं आणि तंतू नको तितका टिकून राहतो. न जुळणं हा तिथला रोग नाही, न सुटणं हा रोग आहे. अनघा यांच्या मताला हा पुरावा धरायला हरकत नाही.

अनघा_का

हे टिपणात घेतलंच! आणि सूक्ष्मदर्शी, के४४ए ३.७ नॅनोमीटरवर येऊनही तुटत नाही, हाही माझ्याच बाजूचा पुरावा ना?

सूक्ष्मदर्शी

तो धरू नका. के४४ए शेवटच्या पायरीआधीच अडकलेलं आहे, त्यामुळे शेवटची पायरी आणखी आवळण्याची आहे की सुटण्याची, यावर ते काहीच बोलत नाही. जीएमपीपीसीपीचंही तसंच. एवढंच सिद्ध होतं की जीटीपी फुटल्याशिवाय काम पुरं होत नाही.

तुमच्या बाजूचा जास्त चांगला पुरावा वेगळा आहे: २०१२ मधल्या नळ्यांच्या प्रयोगांत तूट वेढ्यांच्या मधोमध न होता कडेला होताना दिसली. झाकलेली नळी बारीक, उघडी नळी जाड. दोन्हींच्या सांध्यावर पटलाला सगळ्यात जास्त वाकावं लागतं. लांबलचक आवरण म्हणजे कड फक्त दोन जागी. आखूड आवरणं जितकी जास्त, तितक्या कडा जास्त.

पाषाणकर

हे सगळं डोळ्यांसमोर घडताना पाहायचं असेल तर आपल्या पुण्यातच त्याचं काम झालं आहे. आयसर पुणे या विज्ञानसंस्थेत थॉमस पुकाडियिल यांच्या गटाने काचेवर आधारलेल्या पटल-नळ्यांची पद्धत २०१५ मध्ये मांडली. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी आणि सॅन्ड्रा श्मिड यांनी सिलिकाच्या मण्यांवर जास्तीचं पटल साठवून डायनॅमिनने व्हेसिकल (पटलाचे छोटे फुगे) सुटताना दाखवले होते.

नळ्यांची पद्धत थोडक्यात:

काचेच्या कव्हरस्लिपवर पीईजी या पॉलिमरचा थर रासायनिक बंधाने बसवायचा, म्हणजे पटल काचेला चिकटून सपाट पसरत नाही. क्लोरोफॉर्ममधल्या १ मिलिमोलर लिपिडचे एक-दोन मायक्रोलिटर त्यावर टेकवून सुकवायचे. मिश्रण साधारण ८४ टक्के डीओपीसी, १५ टक्के डीओपीएस (दोन्ही लिपिडंच) आणि १ टक्का चमकणारं लिपिड. फ्लो सेल बंद करून बफर भरायचा आणि काही मिनिटं थांबायचं, लिपिड फुगून मोठमोठे फुगे होतात. मग बफर जोराने सोडला की फुगे प्रवाहाबरोबर ताणले जातात आणि काचेवर मोजक्या जागी टेकलेल्या लांब नळ्या मागे उरतात. मग डायनॅमिन सोडायचं: बहुतेक वेळा ०.५ मायक्रोमोलर, १ मिलिमोलर जीटीपी, १ मिलिमोलर मॅग्नेशियम, १५० मिलिमोलर केसीएल, पीएच ७.४ चा हेपेस बफर.

जाडी कशी मोजायची? नळी सूक्ष्मदर्शकाच्या भेदनक्षमतेपेक्षा बारीक असते, त्यामुळे पट्टी लावून मोजता येत नाही. शेजारी त्याच मिश्रणाचा सपाट थर बनवून दर चौरस मायक्रोमीटरला किती उजेड येतो ते काढायचं. नळीच्या एका लांबीतला उजेड त्याने भागला की क्षेत्रफळ मिळतं आणि त्यावरून त्रिज्या.

पाषाणकर

आता फसगत कुठे होते ते. वेगळं लिहितो, कारण हे बहुतेकदा लेखी सापडत नाही.

एक. लेझरच्या उजेडाने लिपिडचं ऑक्सिडीकरण होऊन नळ्या प्रथिनाशिवायही तुटतात. तेवढाच उजेड, तेवढाच वेळ, पण प्रथिन नाही, असं नियंत्रण प्रत्येक स्लाइडवर हवंच. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटॅलेज घातल्याने ऑक्सिजन कमी होतो, पण त्यातून ग्लुकोनिक आम्ल बनतं. बफर पातळ असेल तर पीएच घसरतो आणि डायनॅमिन वेगळंच वागायला लागतं.

दोन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आवळलेला भाग इतका अंधुक होतो की नळी तुटल्यासारखीच दिसते. तुटली आहे हे कसं ओळखायचं? तुटल्यावर दोन्ही टोकं मागे सरकतात आणि फट रुंदावत जाते. नुसती आवळलेली असेल तर फटीची रुंदी तशीच राहते, आणि कॅमेऱ्याचा एक्स्पोजर वाढवला की तिथे मंद रेघ दिसते. शंका असली तर एका बाजूचा उजेड ब्लीच करून टाका: पलीकडून चमकणारं लिपिड वाहत आलं तर नळी अजून जोडलेली आहे.

तीन. जीटीपीचा साठा ७ पीएचला आणलेला नसला तर १ मिलिमोलर घालतानाच बफर बिघडतो. आणि वारंवार गोठवून-वितळवून त्यात जीडीपी (फुटलेला जीटीपी) साठतो. एकदाच पुरेल एवढ्या छोट्या नळ्यांत भरून ठेवा.

तळटीप_नको

शुद्धीकरणाचंही कुणीतरी लिहा. बहुतेक प्रयोग तिथेच वाया जातात.

रचनाकार

डायनॅमिनच्या शेपटाला ॲम्फिफायसिन या प्रथिनाचा एसएच३ भाग घट्ट धरतो. तो जीएसटीला (मण्यांना चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडून मण्यांवर बसवायचा, पेशींचा अर्क त्यावरून सोडायचा, धुवायचं आणि पीएच ६.५ ला १.२ मोलर मिठाने डायनॅमिन सोडवायचं. एका पायरीत बऱ्यापैकी शुद्ध माल हाती येतो.

पुढची चूक ठरलेली: लगेच कमी मिठात डायलिसिस. मीठ ५० मिलिमोलरच्या खाली गेलं की डायनॅमिन पटलाशिवायच कडी आणि सर्पिलं बनवू लागतं. १९९५ साली जेनी हिन्शॉ आणि श्मिड यांनी तंतू पहिल्यांदा दाखवले ते याच गुणाच्या जोरावर. पण तुम्हाला पटलावरची जुळणी मोजायची असेल तर हाच गुण घात करतो. म्हणून प्रयोगाच्या दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये एक लाख जी (गुरुत्वाच्या लाखपट) वर प्रथिन एकटं फिरवायचं. गाळात जे बसलं ते आधीच जुळलेलं होतं. वरचं द्रावण घ्यायचं, त्याचीच सांद्रता पुन्हा मोजायची.

निगेटिव्ह स्टेन (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी जड धातूचा रंग) करणार असाल तर फॉस्फेटचा बफर नको, युरॅनिल ॲसिटेट त्यात साखळतं. आणि वाळताना नळ्या चपट्या होतात, त्यामुळे स्टेनवरून मोजलेला व्यास नेहमी फुगलेला येतो. वर सूक्ष्मदर्शी यांनी दिलेल्या आकड्यांशी ताडायचं तर क्रायो-ईएमच (नमुना गोठवून केलेलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन) हवं.

कोकणकडा

अवांतर: हे प्रथिन सापडलं कसं तेही भारी आहे. फळमाशीचं शिबिरे नावाचं उत्परिवर्तन १९७० च्या दशकात सापडलं. २९ अंशांना नेलं की माश्या लुळ्या पडतात, थंडाव्यात आणल्या की पुन्हा उडतात. १९८३ मध्ये कोसाका आणि इकेदा यांनी त्यांच्या चेतातंतूंच्या टोकांत पाहिलं तर सिनॅप्टिक व्हेसिकल संपलेले आणि पटलावर मानेला कॉलर असलेले अर्धवट फुगे लटकलेले. डायनॅमिन मात्र १९८९ मध्ये वासराच्या मेंदूतून मायक्रोट्युब्यूलला चिकटणारं प्रथिन म्हणून वेगळं झालं होतं. १९९१ मध्ये लक्षात आलं की शिबिरेचं जनुक आणि हे प्रथिन एकच.

मृण्मयी_प

अवांतर कसलं, तो कॉलर म्हणजेच आपला तंतू!

बरं, पीएच भाग पटलात घुसून पाचर मारतो आणि म्हणून मान तुटते, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पीएच भागातलं आयसोल्युसिन ५३३ हे अमिनो आम्ल बदललं की तोडणं बिघडतं, हा त्याचा आधार. पण २०१७ मध्ये पुण्याच्याच गटाने पीएच भाग काढून टाकला, प्रथिनाला पटल धरण्याची दुसरी सोय करून दिली, तरी डायनॅमिनने नळ्या कापल्या. मग पाचर अनिवार्य नाही ना?

सूक्ष्मदर्शी

अनिवार्य नाही, पण बिनकामाचीही नाही. पीएच नसताना कापायला जास्त वेळ लागतो आणि वेळेचा नेमही सुटतो. पेशीत मान काही सेकंदांत सुटावी लागते. माझ्या मते पीएच म्हणजे काम सोपं करणारा हात. सक्ती येते ती देठ आणि जी भागांच्या जुळणीतून.

तंतुमय

एस्कर्ट-३ वर कुणीच बोलेना, म्हणून लिहितो. धागाकर्तीचा दुसरा प्रश्न त्यातच आहे.

डायनॅमिन मानेच्या बाहेर असतं, कारण तिथे मानेबाहेर सायटोसोल (पेशीतला द्रव) आहे. एचआयव्हीचा कण पेशीतून बाहेर पडताना, विभाजनाच्या शेवटी दोन पेशींमधला पूल तुटताना किंवा एंडोसोम या पेशीतल्या पिशवीच्या आत व्हेसिकल पडताना सायटोसोल मानेच्या आत असतो. तंतूला तिथूनच काम करावं लागतं.

एस्कर्ट-३ मधलं यीस्टचं स्नफ७ हे प्रथिन घ्या. द्रावणात ते मिटलेलं असतं, शेपटाकडचा भाग मुख्य हेलिक्सवर दुमडलेला. पटलावर आलं की उलगडतं, दोन हेलिक्स सरळ होऊन एक लांब दांडी बनते आणि अशा दांड्या साधारण ३ नॅनोमीटरच्या अंतराने एकमेकींना टेकून तंतू बनतो. सपाट पटलावर हा तंतू हुबेहूब चकलीसारखा गोल गोल वाढतो. त्याला आवडणारी त्रिज्या सुमारे २५ नॅनोमीटर. चकलीचे आतले वेढे त्याहून जास्त वाकवलेले, बाहेरचे नको इतके सरळ. म्हणजे आख्खी चकली ताणलेल्या स्प्रिंगसारखी. २०१५ मधलं हे काम वाचाच.

पण स्नफ७ एकटं कापत नाही. चकली पडून राहते. कापायला व्हीपीएस४ लागतं: सहा जणांची एटीपी जाळणारी कडी, जी एस्कर्ट-३ च्या शेपटाला पकडून प्रथिनाला मधल्या भोकातून ओढून उलगडून टाकते. २०२० मध्ये दिसलं की व्हीपीएस४ नुसतं मोडत नाही, पात्रं, म्हणजे तंतूतली एस्कर्ट-३ प्रथिनं, बदलतं. आधी स्नफ७, मग त्यावर व्हीपीएस२ आणि व्हीपीएस२४, मग व्हीपीएस२४ च्या जागी डिड२, शेवटी डिड२ आणि इस्ट१. प्रत्येक जोडीच्या तंतूचा वाक वेगळा. सपाट चकलीचं हळूहळू उभ्या सर्पिलात रूपांतर होतं आणि पटल त्यामागोमाग जातं.

आतून सुतळी आवळणार कशी, याचं उत्तर: आवळत नाही. पटल तंतूला बाहेरून चिकटलेलं असतं. तंतूचा घेर लहान होत गेला की पटल त्याच्याकडे ओढलं जातं.

गणिती

तंतुमय, एक हरकत. सीएचएमपी१बी आणि इस्ट१ या माणसातल्या एस्कर्ट-३ प्रथिनांच्या क्रायो-ईएम रचनेत, २०१५ ची, पटल तंतूच्या आत होतं. म्हणजे डायनॅमिनसारखंच बाहेरून. मग "एस्कर्ट आतून" हा नियम कसा?

तंतुमय

बरोबर आहे, नियम म्हणून लिहायला नको होतं. हे कुटुंब दोन्ही बाजूंनी काम करतं. २०२३ मध्ये सीएचएमपी२ए आणि सीएचएमपी३ यांच्या तंतूची रचना आली, तिथे पटल बाहेर आणि तंतू आत, व्यास सुमारे ४१ आणि ४३ नॅनोमीटर. व्हीपीएस४ आणि एटीपी दिल्यावर त्या नळ्या आवळून तुटताना हाय-स्पीड एएफएमवर (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) दिसल्या. सुरुवातीचा व्यास ४० च्या पुढे आणि तरी तूट होते, म्हणजे तंतू कमी होता होताच घेर घटतो.

कोकणकडा

सल्फोलोबस विसरू नका! ७५ अंशांच्या वर जगणारा आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखा पण वेगळ्या गटातला एकपेशीय जीव. त्याच्यात एस्कर्ट-३ चे भाऊबंद पेशी विभागतात आणि तिथे मोडण्याचं काम प्रोटिएसोम, म्हणजे प्रथिनं चिरडणारं यंत्र, करतं. या भाऊबंदांपैकी सीडीव्हीबीची कडी आधी मधोमध बसते, पण आवळत नाही. प्रोटिएसोमने ती खाऊन टाकली की उरलेले सीडीव्हीबी१ आणि बी२ आवळायला मोकळे होतात. प्रोटिएसोम बंद केला की विभाजन तिथेच थांबतं.

तळटीप_नको

एस्कर्टच्या शुद्धीकरणात सीएचएमपी प्रथिनं एमबीपीला (जुळणी रोखून ठेवणाऱ्या जोड-प्रथिनाला) जोडूनच ठेवा. टीईव्ही या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने एमबीपी कापल्याबरोबर जुळणी सुरू होते, त्यामुळे कापण्याची वेळ हीच प्रयोगाची शून्य वेळ. मोठ्या फुग्यांवर काम करत असाल तर आतली साखर आणि बाहेरचा बफर यांचा ऑस्मोटिक दाब मोजून जुळवा. फुगा ताठ असला तर काहीच घडत नाही. फार ढिला असला तर प्रथिनाशिवायच आत नळ्या पडतात आणि माणूस उगाच खूश होतो.

मृण्मयी_प

आणि पेशींवर डायनासोर वापरणाऱ्यांसाठी... माफ करा, डायनासोर नाही, डायनासोअ, म्हणजे डायनॅमिन अडवणारं रसायन! सीरममध्ये ते निकामी होतं, त्यामुळे सीरमविरहित माध्यमात ८० मायक्रोमोलर. पण तिन्ही डायनॅमिन काढून टाकलेल्या पेशींतही ते परिणाम करतं हे २०१३ मध्ये दिसलं आहे. केवळ त्याच्या जोरावर निष्कर्ष काढू नये, सोबत के४४ए किंवा जनुक बंद करून पाहायलाच हवं.

अनघा_का

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मूळ मत दुरुस्त करते. एस्कर्टसाठी ते टिकतं: व्हीपीएस४ बाहेर काढतं, पात्रं बदलतात, घेर घटतो. डायनॅमिनसाठी ते अर्धंच टिकतं: आधी वेढ्यावर वेढा ओढून खरंच आवळलं जातं आणि प्रत्येक जीटीपीबरोबर पकड सुटून पुन्हा लागते. सुटणं तिथे आवळण्याच्या प्रत्येक पावलात आहे.

शेवटची शंका. फळ्यावर दोन्ही चित्रं काढताना मुलांचा बाहेर-आत हमखास गोंधळ होतो. काय करावं?

रचनाकार

तंतू सगळ्यात शेवटी काढा. आधी फक्त सायटोसोल पिवळ्या खडूने रंगवा. डायनॅमिनच्या चित्रात पिवळा मानेभोवती येईल, एचआयव्हीच्या चित्रात मानेच्या पोकळीत. मग पांढऱ्याने पटलाच्या दोन समांतर रेघा, त्यांत ५ नॅनोमीटर जाडी लिहून. मग मुलांनाच विचारा, प्रथिन कुठे बसेल? पिवळ्याबाहेर खडू जाऊच शकत नाही, त्यामुळे तंतू आपोआप योग्य बाजूला पडतो. प्रमाण राखायचं असेल तर पटलाची जाडी ५ सेंटिमीटर घ्या आणि डायनॅमिनची नळी बाहेरून ५०. फळ्यावर मावते.